ध्वनिरोधक संगीत सरावकक्ष (जुनी घरे)

ध्वनिरोधक संगीत सरावकक्ष म्हणजे गायन-वादनाचा आवाज बाहेर फारसा जाणार नाही आणि बाहेरचा आवाज आत येणार नाही, अशा रीतीने बांधलेली किंवा बदल करून घेतलेली खोली होय. वाडे, चाळी व लाकडी मजल्यांची जुनी घरे यांत असा कक्ष उभारताना एक मूलभूत विरोध उभा राहतो. आवाज अडवण्यासाठी वजन वाढवावे लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. जुन्या वास्तूला मात्र जादा वजन सोसतेच असे नाही आणि तिच्या भिंतींना हवा खेळती लागते.

गरज

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ हा काळ. त्यामुळे सूर्योदयापूर्वीचा परंपरागत रियाज बहुधा या नियमांतील रात्रीच्या काळात मोडतो. खाजगी जागेतील वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबेलहून अधिक वाढू नये, अशीही तरतूद आहे.

ध्वनिरोधन आणि ध्वनिशोषण

या दोन संकल्पनांची अनेकदा गल्लत होते. ध्वनिरोधन म्हणजे आवाज पलीकडे जाऊ न देणे; ते जड व हवाबंद रचनेने साधते. ध्वनिशोषण म्हणजे खोलीतील घुमणे कमी करणे. ते गालिचा, जाड पडदे, फोम अशा सच्छिद्र वस्तूंनी साधते. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवल्याने शेजाऱ्याकडे जाणारा आवाज जवळजवळ कमी होत नाही.

ध्वनीचे मार्ग

आवाज दोन मार्गांनी बाहेर पडतो. पहिला हवेतून, म्हणजे दारे, खिडक्या व फटींमधून. दुसरा वास्तूतून, म्हणजे जमीन, तुळया व भिंती यांच्या कंपनांतून. गाण्याचा आवाज मुख्यतः पहिल्या मार्गाने जातो. जमिनीवर ठेवलेला पखवाज किंवा ड्रम दुसऱ्या मार्गानेही जातो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबेल आवाज अडवते. परंतु तिच्या एक टक्का क्षेत्रफळाएवढी फट राहिली, तर एकूण अडवणूक सुमारे २० डेसिबेलवर येते. म्हणून कामाची सुरुवात फटी शोधण्यापासून करतात. रात्री खोलीत दिवा लावून बाहेरून पाहिल्यास किंवा उदबत्तीचा धूर फिरवल्यास त्या सहज सापडतात.

वास्तूची तपासणी

४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व २.७ मीटर उंच खोलीच्या भिंती व छत यांना जिप्सम बोर्डाचे दोन थर लावल्यास केवळ बोर्डांचे वजन सुमारे ९०० ते १,००० किलो होते. जमिनीच्या दर चौरस मीटरला हा भार सुमारे ८० किलो पडतो. वरच्या लाकडी मजल्यावर असा कक्ष करण्यापूर्वी संरचना अभियंत्याकडून तुळया व खांब तपासून घेणे आवश्यक ठरते. शक्य असल्यास तळमजल्यावरील खोली निवडणे श्रेयस्कर. ओल व वाळवी यांचा बंदोबस्त आधीच करावा लागतो, कारण नव्या भिंतीमागे त्या दिसत नाहीत. वास्तू वारसा यादीत असल्यास संबंधित प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

रचना

जुन्या भिंतीला थेट न जोडता आत स्वतंत्र सांगाडा उभारून ‘खोलीत खोली’ करणे ही सर्वांत परिणामकारक पद्धत आहे. दोन भिंतींमधील पोकळीत खनिज लोकर भरतात आणि आतून बोर्डांचे थर लावून कडा लवचिक सीलंटने बुजवतात. पोकळी जितकी रुंद आणि थर जितके जड, तितका खर्जाचा आवाज अधिक अडतो.

जमिनीवर रबराच्या पट्ट्यांवर तरती लाकडी जमीन करतात. कडीपाटाच्या मजल्यावर असलेला माती-मुरुमाचा जुना थर वजनामुळे आवाज काही अंशी अडवतो. तो काढून पोकळ लाकडी जमीन केल्यास खालच्या मजल्यावर आवाज वाढतो.

दार भरीव लाकडी असून त्याच्या चारही बाजूंना रबरी पट्ट्या असाव्यात. जुनी लाकडी खिडकी न काढता तिच्या आत दुसरी काचेची खिडकी बसवता येते. दोन्ही खिडक्यांत सुमारे १० सेंटिमीटर अंतर असावे. हा बदल पुढे काढून टाकता येत असल्याने मूळ वास्तूला बाधा येत नाही.

वायुवीजन

हवाबंद खोलीत तासभर रियाज केल्यास हवा कोंदट होते. स्प्लिट वातानुकूलन यंत्र हवा थंड करते, ताजी हवा आणत नाही. म्हणून आतून ध्वनिशोषक अस्तर लावलेल्या, वळणे असलेल्या नळीतून मंदगती पंख्याने हवा खेळवतात. वळणांमुळे हवा जाते. आवाज बराचसा शोषला जातो. आर्द्रतेने तबल्याची पुडी उतरते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

अंतर्गत ध्वनिगुण

हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून व्याख्यानगृहात गाद्या ठेवून प्रयोग केले. खोलीचे आकारमान व त्यातील शोषक पृष्ठभाग यांवर आवाज किती काळ घुमेल हे ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. लहान खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे काही स्वर अवाजवी फुगतात, ३.४ मीटर अंतराच्या भिंतींमध्ये सुमारे ५० हर्ट्झला असा अनुनाद होतो. कोपऱ्यांत जाड शोषक आणि भिंतींवर पुस्तकांची कपाटे ठेवल्याने हा दोष कमी होतो. मात्र सर्वच पृष्ठभाग शोषक केल्यास आवाज निर्जीव वाटतो आणि गायक नकळत गळ्यावर ताण देतो.

मर्यादा

संपूर्ण ध्वनिरोधन घरगुती बांधकामात साध्य होत नाही. ढोल, पखवाज किंवा विद्युत् बास गिटार यांचे मंद्र स्वर अडवणे सर्वांत कठीण असते. नव्या भिंतींमुळे खोलीचे क्षेत्रफळही घटते. मजला भार पेलू शकत नसेल, तर फटी बुजवणे, भरीव दार, दुहेरी खिडकी आणि वाद्याखाली जाड रबरी बैठक एवढ्यावर थांबून रियाजाच्या वेळा शेजाऱ्यांशी बोलून ठरवणे हाच सुरक्षित मार्ग राहतो.