परीक्षणाचे पाच दिवस

कोल्हापूरहून बेळगावकडे येताना निपाणी मागे पडली की तवंदीचा घाट लागतो. आंबोली किंवा चोर्ला पाहिलेल्या माणसाला त्याला घाट म्हणायचीही लाज वाटेल, इतका तो किरकोळ. पण आमच्या घरात या घाटाला फार मान. घरात कोणी एखाद्याची उगाच तारीफ करू लागले की आई म्हणे, "आधी तवंदी चढू दे, मग बोला." या म्हणीमागे एक जुनी मोटार आहे. गेली दोन-तीन वर्षे त्या मोटारीच्या निमित्ताने मी काही जुने ग्रंथ आणि कायद्याची पुस्तके चाळत बसलो होतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला घरातली भांडीकुंडीसुद्धा साधने वाटू लागतात, हा आमचा व्यवसायदोष वाचकांनी पदरात घ्यावा.

साल १९८४. आमचे अण्णा टिळकवाडीत राहणारे साधे शाळामास्तर. धाकटी बहीण पायाने अधू. तिला महिन्यातून एकदा कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे न्यावे लागे आणि एस.टी.च्या गर्दीत तिचे फार हाल होत. अण्णांनी फंडातून कर्ज काढले, आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि कोल्हापूरच्या एका एजंटामार्फत एकतीस हजारांना १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी घरी यायची ठरली. व्यवहाराला मीही गेलो होतो. इंजिन आधीच गरम करून ठेवलेले होते, याचा अर्थ त्या वेळी आम्हांला कळला नाही. अण्णांनी विचारले, "इंजिनाचं काही काम निघणार नाही ना?" एजंट हसला, बॉनेटवर थाप मारली आणि चहा मागवला. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. ती थाप माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

निपाणीपर्यंत गाडी लोण्यासारखी आली. तवंदीच्या चढाला मागून निळा धूर सुटला, मग तापमानाचा काटा चढला आणि माथ्याजवळ पोचायच्या आधीच रेडिएटरच्या टोपणातून वाफ फुसफुसू लागली. बहीण मागच्या सीटवर होती. तिला उचलून रस्त्याकडेच्या सावलीत बसवले आणि अण्णा तिथेच दगडावर बसून राहिले. मालवाहू ट्रकच्या मागे बांधून गाडी बेळगावात आली, ती थेट उद्यमबागेत.

उद्यमबागेविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. टिळकवाडीचे तिसरे रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याला लागले की फौंड्र्या, लेथ आणि क्रँकशाफ्टचे कारखाने सुरू होतात. यंत्राचे हे वेड या गावाला जुनेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले ते बेळगावात, आणि त्यांच्या लोखंडी नांगराचा जन्मही इथलाच. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर विकले जाईनात. म्हणजे चांगल्या मालावर लोकांचा विश्वास बसत नव्हता! पुढे नगरपालिकेला ठळकवाडीचे नवे उपनगर वसवायचे होते, म्हणून किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडावी लागली आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. ठळकवाडीची टिळकवाडी झाली. आम्ही राहतो त्या उपनगराच्या पायाखाली असा एक गेलेला कारखाना आहे. असो.

उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून तेल भरायच्या तोंडाचे झाकण काढले. आतून भकभक धूर आला. मग डिपस्टिक ओढून बोटांत तेल चोळले. "गुरुजी, फसवलंय की ओ तुम्हाला. तेल बघा, काकवीसारखं. आवाज आणि धूर दाबायला जाड तेल घातलंय." इंजिन उतरवले तेव्हा एकेक गोष्ट बाहेर पडली. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, त्यामुळे ज्वलनाचा वायू खाली उतरत होता आणि तेल वर चढून जळत होते, तोच निळा धूर. सिलिंडर गोल न राहता लंबगोल झालेले. हेड गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये जळालेले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला, पाण्याच्या बाजूने, केसाएवढी चीर. ती कोणीतरी लुकणासारखा मसाला भरून बुजवली होती आणि वरून रंग मारला होता. बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवले, क्रँक घासून नवे बेअरिंग घातले, चीर पुन्हा नीट भरली. साडेसहा हजार रुपये लागले. मिस्त्री म्हणाले, "सपाटीला पळवा हवी तेवढी. घाटाची हमी मी देत नाही." पुढची पाच वर्षे कोल्हापूरला जाताना-येताना आम्ही तवंदीच्या अलीकडे थांबून इंजिन थंड करीत असू.

आता प्रश्न असा की अण्णांसारखा हिशेबी माणूस असल्या गाडीच्या वाटेला गेलाच का? याचे उत्तर दिल्लीत सापडते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. पन्नाशीच्या दशकात, देशात खरेखुरे उत्पादन करणाऱ्यांनीच राहावे असे सरकारी धोरण ठरले आणि फोर्ड, जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. त्यानंतर सामान्य माणसाच्या नजरेसमोर मोटारी राहिल्या त्या तीनच घरांच्या: कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली प्रीमियर. किती गाड्या काढायच्या हेही सरकारच्या परवान्यावर. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि ज्याला आज हवी त्याने जुन्या बाजारात जायचे. टंचाईच्या बाजारात गिऱ्हाईक प्रश्न विचारत नाही, उलट आपला नंबर लागला म्हणून विकणाऱ्याचे आभार मानते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी रस्त्यावर आली, पण तिची रांग आमच्यापर्यंत यायला अवकाश होता.

मोटारींच्या आधी जनावरे होती आणि फसवणूकही होती. आमच्या भागात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत बैलबाजार भरतो. हेडी लोक रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात, शेतकरी बैलाचे तोंड उघडून दात मोजतो, चालवून पाहतो. खांदा आलेला बैल हळद लावून उभा करणारे महाभागही तिथेच भेटतात. याचा बंदोबस्त आपल्या पूर्वजांनी केला होता का, हे शोधताना मी याज्ञवल्क्यस्मृतीपाशी आलो. खरेदी केलेल्या वस्तूची परीक्षा करायला तिथे मुदती दिल्या आहेत. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन, आणि ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस. मुदतीत दोष दिसला तर माल परत करता येतो. (त्याच यादीत दासदासींच्या परीक्षेचीही मुदत आहे. पूर्वजांचे कौतुक करताना तेही वाचावे.) मनूने सरसकट दहा दिवस दिले आहेत. कौटिल्य आणखी उदार, चतुष्पादाला दीड महिना. शिवाय आजारी जनावर धडधाकट म्हणून विकणाऱ्याला तो बारा पण दंड सांगतो.

याज्ञवल्क्यावरची सर्वांत प्रसिद्ध टीका मिताक्षरा. ती विज्ञानेश्वराने लिहिली कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, विक्रमादित्य सहाव्याच्या काळात. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्यासारखेच दोन भाषांच्या सीमेवरचे गाव. मराठी, कानडी दोन्ही माणसे शतकानुशतके त्या ग्रंथाच्या अमलाखाली राहिली. इंग्रज आले तेव्हा त्यांनी मिताक्षरेतला वारसाहक्काचा भाग उचलला, १८१० साली कोलब्रुकने त्याचे भाषांतर केले आणि न्यायालये त्यावर चालू लागली. खरेदीविक्रीचा भाग मात्र पोथीतच राहिला. त्या जागी १८७२ चा करार कायदा आला.

या कायद्याचे सतरावे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हातातला चष्मा खाली ठेवला. कपट म्हणजे काय हे सांगताना तिथे घोड्याचे उदाहरण आहे. एकजण लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. हे कपट नव्हे, असे कायदा म्हणतो! लगेच पुढची उदाहरणे येतात. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य आहे. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाकारले नाही तर घोडा चांगला आहे असे मी धरतो," आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणे म्हणजे बोलणेच. १९३० च्या मालविक्री कायद्यानेही घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत हे तत्त्व, काही अपवाद सोडून, कायम ठेवले. अण्णांनी प्रश्न विचारला होता, एजंटाने बॉनेटवर थाप मारली होती. माझ्या अल्पमतीप्रमाणे आमचा घोडा तिसऱ्या उदाहरणातला होता. पण १९८४ साली हे आम्हांला सांगणार कोण? ग्राहक संरक्षण कायदा यायलाच १९८६ उजाडले.

याच कोड्यावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध छापला आणि २००१ साली त्याला दोघांबरोबर नोबेल मिळाले. तीन नियतकालिकांनी तो निबंध आधी परत पाठवला होता, ही गोष्ट आमच्या अंकाला साहित्य पाठवणाऱ्या नवोदितांनी लक्षात ठेवण्याजोगी. तो म्हणतो, जुन्या गाडीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मध्यम भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही, आणि बाजारात वाईट गाड्याच उरत जातात. गंमत म्हणजे १९६७-६८ मध्ये हा गृहस्थ दिल्लीत राहून गेला होता. त्या निबंधात आपले सावकारही आहेत आणि बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाआकाराचे खडे वेचणारी भारतीय गृहिणीही आहे. आमच्या आईचे सूप पार अमेरिकेपर्यंत जाऊन पोचले होते म्हणायचे.

आईचा विषय निघाला म्हणून १९८९ ची गोष्ट सांगतो. हा लेख लिहायला मी इतकी वर्षे टाळाटाळ केली ती तिच्यामुळेच. बहिणीचे उपचार संपले आणि अण्णांनी गाडी विकायला काढली. निपाणीकडचे एक शिक्षक पाहायला आले. सकाळची वेळ, अंगणातली सपाट जागा, गाडी एका किल्लीत चालू झाली. मी तेव्हा वीस वर्षांचा. अण्णा बोअरचे, नव्या बेअरिंगचे सगळे सांगत होते, पावत्या दाखवत होते. चिरेबद्दल अवाक्षर नाही. त्या शिक्षकांनी विचारलेही नाही. भाव ठरला, त्यांनी पिशवीतून नोटा काढून मोजायला घेतल्या. आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबून म्हणाली, "अहो, ते ब्लॉकचं सांगितलंत का त्यांना?"

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सगळे सांगितले, घाटासकट. पाहुण्यांनी चहा घेतला, नोटा पिशवीत परत ठेवल्या, "बराय गुरुजी, कळवतो" म्हणाले आणि गेले. त्यांना रोज तवंदी चढायची होती. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. आईशी ते तीन दिवस बोलले नाहीत, चौथ्या दिवशी आपणहून म्हणाले, "मी त्या कोल्हापूरवाल्याच्या जागेवर बसलो होतो." दोन महिन्यांनी गाडी एका दलालाला बरीच कमी किमतीत गेली. अण्णांनी त्यालाही चीर दाखवली. तो म्हणाला, "ते आमचं आम्ही बघतो, गुरुजी." पुढे त्याने कोणाला काय सांगितले असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा पात्र सोडून पसरल्या, महामार्ग काही दिवस बंद पडला, आणि कितीतरी मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी मी एक लहान पेट्रोल गाडी घेतली, एम.एच. ०९ पासिंगची. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नव्या राज्यात नोंदणी करावी लागते, त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र हवे. सीमेवरच्या माणसाला हे पाठ असते. मी कागदांत इतका गुंतलो की सीटखालचा गालिचा उचलून पाहिला नाही. चार महिन्यांनी इंजिनात ठोका आला. पाणी हवेच्या फिल्टरमधून सिलिंडरमध्ये शिरले आणि तशात कोणी स्टार्टर मारला की, पाणी दाबले जात नसल्याने, कनेक्टिंग रॉडच वाकतो. तो किंचित वाकलेला रॉड तसाच चालत होता. गालिच्याखाली वाळलेला गाळ निघाला. घरात इतिहास असून मी फसलो, हे शिक्षकाने कबूल केलेले बरे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाचे अधिकृतपत्र घेण्याचे केंद्राचे नियम लागू झाले आहेत. त्यांचा भर मालकी आणि जबाबदारीच्या नोंदीवर आहे. इंजिनाच्या परीक्षेला याज्ञवल्क्याचे पाच दिवस त्या नियमांत नाहीत.

रॉड मी बदलून घेतला. गाडी आता बरी चालते, तवंदीही चढते, पण वायरिंगमध्ये पाणी गेले होते, त्याचे काय होईल ते उद्यमबागेतला पोरगाही खात्रीने सांगत नाही. मला ती आता विकायची आहे. दिवाळीनंतर एक गृहस्थ चिकोडीहून पाहायला येणार आहेत. दुरुस्तीच्या पावत्या आणि गाळाचे फोटो एका पाकिटात घालून मी गाडीच्या कप्प्यात ठेवले आहेत. आई आता पंच्याऐंशीची आहे. त्या दिवशी ती अंगणात खुर्ची टाकून बसणार, असे तिने सांगून ठेवले आहे.