मिर्झाराजांच्या छत्रीत एक सकाळ

अश्विन लागला की आमच्या वऱ्हाडात फिरायला निघण्याजोगे दिवस येतात, आणि ते फार थोडे असतात. पाऊस उघडलेला, नद्यांना अजून पाणी, वावरात सोयाबीनची सोंगणी चाललेली, पऱ्हाटीला पहिली बोंडे फुटू लागलेली. पुढे उन्हाळा आला की अकोल्यात दुपारी कुत्रेही रस्ता ओलांडत नाही. म्हणून दरवर्षी या दिवसांत एखादा रविवार धरून आम्ही घरचे सगळे कुठेतरी जातो. यंदा बाळापूरला गेलो. मी, पत्नी, मुलगी, जावई, त्यांची दोन मुले आणि सीताफळांची एक पिशवी.

बाळापूर अकोल्याहून पंचवीसेक किलोमीटर. इतक्या जवळचे ठिकाण निवडल्याबद्दल घरात कुरकुर झाली. चिखलदऱ्याला जाऊ, नरनाळ्याला जाऊ, असे मुलांचे म्हणणे. पण मला बाळापूरच हवे होते. थोरली नात चौथीत आहे. चार दिवस आधी तिने शाळेतून आल्या आल्या विचारले होते, ''नाना, वर्गातला एक मुलगा म्हणाला, औरंगजेब तुमचा राजा होता. खरंच का?'' विचारणाऱ्या मुलाचा राग नव्हता तिच्या आवाजात. तिला फक्त माहिती हवी होती. मी ''सांगतो, सांगतो'' म्हणून वेळ मारून नेली. बी. ए. ला इतिहास घेतला होता, तीस वर्षे मराठीत कविता लिहितो आहे, आणि नऊ वर्षांच्या पोरीला दोन वाक्यांत उत्तर देता येईना. वाटले, घरात नाही जमत तर त्या छत्रीत बसून बघावे.

नदीकाठची ही छत्री मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाते. काळ्या दगडाची, चौकोनी. २५ फूट लांबी-रुंदी आणि ३३ फूट उंची, अशी मापे जुन्या गॅझेटियरात दिली आहेत. पुराने एकदा तिच्या पायाला धक्का बसल्याची नोंदही तिथे आहे. आत शिरले की अंगावर गारवा येतो. खांबांवर, कमानींवर कोरीव काम आहे, आणि त्याच्या शेजारी खिळ्याने कोरलेली प्रेमवीरांची नावेही आहेत. धाकट्याने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या आईने त्याला नदीकडे पिटाळले.

''ही कबर आहे का?'' नातीने विचारले. पुष्कळ मोठी माणसेही हेच विचारतात. छत्री म्हटली की खाली कुणीतरी असणार, असे आपल्याला वाटते. खाली कुणी नाही. जयसिंग वारले १६६७ साली, ते बऱ्हाणपुरात, आणि त्यांच्या स्मृतीची छत्री तिकडे तापीकाठी आहे. बाळापूरची ही जागा नुसती बसण्याची, नदीचा वारा खाण्याची. मला तरी तेवढेच कारण पुरेसे वाटते. दक्खनच्या धुळीत फौज घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्या सरदाराला सावली हवीशी वाटली असेल, यात नवल कसले?

''मिर्झा म्हणजे ते आपल्यातले होते?'' हा पुढचा प्रश्न. मी सांगितले, मिर्झा ही पदवी. शहाजहानने दिलेली. माणूस आमेरचा कछवाहा राजपूत, हिंदू. औरंगजेबाने त्याला शिवाजीमहाराजांवर पाठवले. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. याच जयसिंगाने महाराजांना आग्ऱ्याला जायला राजी केले आणि त्याचाच मुलगा रामसिंग तिथे महाराजांसाठी जामीन राहिला. महाराज ऑगस्ट १६६६ मध्ये निसटले, तेव्हा बादशहाचा संशय या बापलेकांवर गेला. विजापूरची मोहीमही फसलेली. १६६७ साली दक्खनचा कारभार जयसिंगांकडून काढून घेतला गेला आणि परतीच्या वाटेवरच ते गेले.

आता बाळापूरचा आणि या सगळ्याचा एक धागा आहे. तो शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आग्ऱ्याच्या प्रवासखर्चासाठी महाराजांना बादशाही खजिन्यातून एक लाख रुपये उचल मिळाली होती. पुढे १६६८ च्या सुमारास पुन्हा सलोखा झाला. संभाजीराजांना पाच हजारी मनसब आणि वऱ्हाडात जहागीर मिळाली. त्या जहागिरीत बाळापूरचे नाव येते. रावजी सोमनाथ नावाचे मराठी कारभारी तिच्या व्यवस्थेसाठी वऱ्हाडात आले. म्हणजे ज्या मातीत आम्ही सीताफळांच्या बिया थुंकत बसलो होतो, तिचा वसूल काही काळ संभाजीराजांच्या नावे जमा होत होता. मग औरंगजेबाला तो जुना लाख आठवला. तो वसूल करण्यासाठी त्याने वऱ्हाडातल्या जहागिरीचा काही भाग जप्त केला. सलोखा मोडण्याची जी कारणे झाली, त्यांतले हे एक.

नात हिशेबाची पक्की. ''पण पैसे तर यांनी दिले होते ना बोलावून? मग परत का मागितले?'' मी म्हटले, बादशहा आहे, मागू शकतो.

तिथून आम्ही किल्ल्यावर गेलो. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये, उंचवट्यावर हा किल्ला. विटांचा. एकाआत एक दरवाजे, आणि तट इतके उंच की मान दुखते. या किल्ल्याबद्दल एक गोष्ट जागोजागी छापलेली आढळते, की औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७२१ मध्ये बांधकाम सुरू केले. आझमशहा १७०७ मध्येच जाजाऊच्या लढाईत मारला गेला. मेलेल्या माणसाने चौदा वर्षांनी पायाभरणी कशी केली, हे छापणाऱ्यांनाच ठाऊक. १७५७ मध्ये एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, नवाब इस्माईलखान याने किल्ला पुरा केला, ही गोष्ट मात्र पक्की. किल्ल्यात वर्षानुवर्षे सरकारी कचेऱ्या राहिल्या. आपल्याकडे किल्ला टिकायचा तर त्यात तहसील भरावी लागते, असे माझे एक मत आहे. तटाखाली दक्षिणेला बाळादेवीचे देऊळ. गावाचे नाव तिच्यावरूनच पडले. मुलींनी बाहेरून नमस्कार केला, आम्ही पुढे निघालो.

बुरुजावरून खालचा मुलूख दिसतो, तो १७२० च्या लढाईचा. सय्यद बंधूंचा कोवळा पुतण्या आलमअलीखान याला निजामाने याच बाळापूरजवळ, ऐन पावसाळ्यात, चिखलात गाठून मारले. मराठ्यांची फौज आलमअलीच्या बाजूने होती. पुढे १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई झाली आणि निजामाचे दक्खनमधले राज्य पक्के झाले. दोन्ही लढाया दोन्हीकडच्या मुसलमानांनी केल्या. नातीला मी हे सांगितले नाही. तिचे लक्ष खाली नदीत उतरलेल्या भावाकडे होते.

धाकट्याने तोवर खिसे भरून गारगोट्या गोळा केल्या होत्या. लाल, पिवळसर, एकीवर पांढरे पट्टे. त्याची आई ओरडली, ''फेक ते.'' मी म्हटले, राहू दे. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत वऱ्हाडच्या सुभ्याबद्दल लिहिताना बाळापूरच्या दोन नद्यांच्या काठी सापडणाऱ्या सुंदर दगडांची नोंद केली आहे. लोक ते कापून जपून ठेवत, असेही लिहिले आहे. इथून सहा कोसांवर अकबराचा मुलगा मुराद याने शहापूर नावाचे नगर वसवले. मुराद १५९९ मध्ये वारला, जेमतेम तिशीच्या आत, दारूपायी. त्याच्या नगराचा थाट गेला. दगड मात्र पोरांना अजून मिळतात.

परतताना गाडीत नातीने मूळ प्रश्न पुन्हा काढला. ''मग तो आपला होता की नव्हता?'' मी म्हटले, हे बघ, माझे आजोबा अकोल्याच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी वाहत. औरंगजेबाने आपल्या घराला काही दिल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. दिले असते, तर आजोबांनी गाठी वाहिल्या नसत्या. मिर्झाराजांचे पगारपत्रक मात्र त्याच्याकडेच निघत होते. तिची आई पुढच्या सीटवरून म्हणाली, ''अब्बा, हे शाळेत सांगायचं का तिने?'' मी गप्प बसलो. सांगावे की नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही. मूल वर्गात उभे राहून पगारपत्रक म्हणाले तर हसतील, आणि काहीच बोलले नाही तर तो मुलगा समजतो तेच खरे ठरेल.

पारसच्या फाट्याच्या पुढे तिने शेवटचे विचारले, ''नाना, त्या लाख रुपयांचं काय झालं? मिळाले का परत?''

मी म्हटले, १६७० मध्ये लढाई पुन्हा पेटली. त्याच वर्षाच्या शेवटी मराठ्यांची फौज वऱ्हाडात आली आणि तिने आपले कारंजे लुटले. श्रीमंत पेठ होती ती.

तिने बोटांवर काहीतरी मोजले. ''म्हणजे लाखापेक्षा जास्तच गेले.''

रात्री पत्नीने कपडे धुवायला टाकले, तेव्हा धाकट्याच्या खिशातून सात गारगोट्या निघाल्या. पट्ट्यांची तेवढी त्यात नव्हती. ती दुसऱ्या दिवशी थोरलीच्या दप्तरात, कंपासपेटीत होती. ''मी त्या मुलाला दाखवणार आहे,'' ती म्हणाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)