धवल्यातील रिकामी जागा : डोलवीच्या खाडीकाठचे लग्नगीत

पेण तालुक्यातील डोलवी आज पोलादाच्या कारखान्यामुळे ओळखली जात असली, तरी धरमतरच्या खाडीलगतच्या या खारेपाटात, म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून थोपवून भातशेतीखाली आणलेल्या सखल पट्ट्यात, भात, मीठ आणि मासळी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजांची वस्ती फार जुनी आहे. या परिसरातील आगरी लग्नघरात गायिल्या जाणाऱ्या ‘धवल्या’चा प्रवास पाहिला, की गाण्याचा पहिला आकार आणि त्याचा पुढील वापर यांतील नाते स्पष्ट होते.

‘धवल’ हा गीतप्रकार शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त प्रबंधांमध्ये, म्हणजे ठरावीक अंगांनी बांधलेल्या गेय रचनांमध्ये, मंगल आणि ओवी यांच्याबरोबर नोंदवलेला आहे. त्याच शतकात महानुभाव पंथातील महदंबेने रिद्धपूर येथे पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लटक्या विवाहाच्या निमित्ताने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ रचले आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव राहिले. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होत असल्याने धवळ्याचा ‘धवला’ झाला. उच्चार बदलला, तरी नाव आणि प्रसंग सातशे वर्षांनंतरही तेच आहेत.

धवला गाणारी स्त्री ती ‘धवलारीण’. मांडव, हळद आणि लग्न अशा प्रत्येक टप्प्याचे धवले तिला मुखोद्गत असतात. ती संथ, लांबवलेल्या सुरात ओळ उचलते आणि सोबतच्या बाया ती झेलतात. गाणे येथे विधीची केवळ शोभा नसते, तर गाण्यामुळेच विधी पुढे सरकतो, आणि म्हणूनच अनेक आगरी घरांत लग्न लावण्याचा मानही धवलारणीकडे राहिला. ओळीचा सांगाडा ठरलेला असला, तरी त्यात नवरा-नवरीची आणि नातलगांची नावे बसवण्यासाठी जागा रिकामी ठेवलेली असते, आणि ती दर लग्नात नव्याने भरली जाते.

रॉक संगीतात गाण्याच्या पहिल्या आकाराला, म्हणजे त्याच्या कच्च्या, अनेकदा घरगुती ध्वनिमुद्रणाला, ‘डेमो’ म्हणतात. बीटल्स या बँडमधील जॉन लेननने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात घरी पियानोवर गाऊन कॅसेटवर उतरवलेले ‘नाऊ अँड देन’ हे त्याचे बोलके उदाहरण आहे. एकाच फितीत मिसळलेले आवाज आणि पियानो संगणकाच्या साहाय्याने वेगळे केले गेल्यावर ते 2 नोव्हेंबर 2023 रोजी बीटल्सचे गाणे म्हणून प्रकाशित झाले. तेथे कच्चा आकार फितीत टिकला म्हणून पुढचे गाणे घडू शकले. धवल्याला अशी फीत नाही. त्याचे प्रत्येक गायन एकाच वेळी कच्चेही असते आणि पक्केही, आणि पुढच्या लग्नापर्यंत ते केवळ गळ्यात जपले जाते.

किनाऱ्यावरचे गाणे तबकडीवर गेले, तेव्हा दर वेळी नवे नाव बसवण्याची ही मोकळीक आटली. गोव्यातील ‘हांव सायबा’ ही देखणी, म्हणजे नृत्यासह गायिले जाणारे कोकणी गीत, मुळात दामूच्या लग्नाला निघालेल्या आणि नदी ओलांडून देण्यासाठी नावाड्याला दागिने देऊ करणाऱ्या नर्तकीचे होते. 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटात तिच्या चालीवर हिंदी प्रेमगीत उभे राहिले आणि नावाडी व लग्नघर मागे पडले. मराठीत शांता शेळके यांनी लिहिलेल्या, हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेल्या आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायिलेल्या ‘मी डोलकर’ने डोल नावाच्या पिशवीसारख्या जाळ्याने मासे धरणाऱ्या कोळ्याला घराघरांत नेले. पुढे कॅसेटच्या काळात गावोगावच्या कोळीगीतांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला, पण पारू, गोमू अशी नावे तबकडीवर आणि फितीवर कायमची कोरली गेली. जेथे त्या-त्या घरच्या लेकीचे नाव यायचे, तेथे एकच नायिका सर्वांसाठी उभी राहिली.

डोलवीच्या परिसरातही कारखाना, महामार्ग आणि रोजंदारी यांनी जीवनाची लय बदलली. 1990 च्या दशकात इस्पात उद्योगसमूहाने उभारलेला कारखाना 2010 मध्ये जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. आगरी हळदीच्या रात्री आता बेंजो, डीजे आणि मोठे भोंगे लागतात, आणि संथ धवल्याच्या जागी नाचता येईल असा द्रुत ठेका येतो. तरीही मंचावरचा गायक दोन ओळींमध्ये थांबून नवरदेवाचे, करवल्यांचे आणि गावाचे नाव घेतो, तेव्हा ध्वनिमुद्रणाने बुजवलेली जुनी जागा पुन्हा उघडते. म्हणूनच धवले जपायचे असतील, तर धवलारणीकडून एकदाच गाऊन घेतलेला पाठ पुरेसा ठरत नाही. तोच धवला निरनिराळ्या लग्नांत, निरनिराळ्या नावांसह नोंदवला गेला, तरच त्याचा खरा आकार हाती लागतो, कारण त्या गाण्याचा प्राण त्यातील रिकाम्या जागेत आहे.