एका डोंगराची दोन तिकिटे

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाण्याचा बेत आखणाऱ्यांसाठी हा धागा. प्रवेशद्वारावर वनविभागाचे तिकीट घ्यावे लागते. सुमारे सहा किलोमीटर आत गेल्यावर कान्हेरी लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचे दुसरे. या दोन तिकिटांप्रमाणे पाहुण्यांचेही दोन तट पडले आहेत. एक बिबट्याच्या आणि पक्ष्यांच्या ओढीने येतो, दुसरा बुद्धमूर्ती पाहून परततो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही वाटणी मान्य करू नये. लेणी आणि रान यांना जोडणारा दुवा पाण्याचा आहे, आणि तो शोधायचा तर पावसाळ्यात जावे.

काळ्या पाषाणाच्या या डोंगराला जुन्या प्राकृत लेखांत ‘कण्हसेल’ म्हटले आहे, पुढे ‘कृष्णगिरी’. ‘कान्हेरी’ हे त्याचेच झिजलेले रूप. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. बहुतेकांचे पाय तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. मात्र तेथून पुढे निघालात की नजर थोडी खाली ठेवा. विहारांच्या दाराशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी दिसतील, आणि उतारावरचे पाणी त्यांत आणून सोडणाऱ्या बारीक पन्हाळी. लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हणतात. सोपारा, कल्याण, नाशिक अशा ठिकाणच्या दात्यांनी लेण्यांबरोबर पोढ्याही दान केल्या. भिक्षूंचा वर्षावास पावसाळ्याचा असला, तरी पुढचे आठ कोरडे महिने या साठ्यावरच निघायचे.

पाचव्या लेण्याच्या टाक्यापाशी मात्र जरा थांबा. तेथील संस्कृत लेख आज भग्न आहे, पण सातवाहनांच्या इतिहासात त्याच्याइतके महत्त्व फार थोड्या लेखांना असेल. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा विश्वासू अमात्य शतेरक याने हे ‘पानीयभाजन’ दिल्याचे त्यात नोंदले आहे. राणी कार्दमक वंशातली, एका महाक्षत्रपाची कन्या. पित्याच्या नावाचे पहिले अक्षर ‘रु’ वाचता येते आणि नेमका तेथेच दगड तुटलेला आहे! अभ्यासक ते नाव रुद्रदामा असे पुरे करतात.

आता जुनागढला चला. इ. स. 150 च्या सुमाराच्या आपल्या प्रसिद्ध शिलालेखात हाच रुद्रदामा म्हणतो की, दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा जिंकले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. हे नाते कोणते, याचे उत्तर त्या लेखात नाही. ते कान्हेरीच्या टाक्यावर आहे. दोन बलाढ्य घराण्यांच्या वैरात एक लग्न उभे होते, आणि त्या लग्नाचा शिलालेखी पुरावा एका पाणीसाठ्याच्या दानपत्रातून आपल्या हाती आला. जुनागढचा लेखही मुळात सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीचा आहे, हे लक्षात घ्या. राजांच्या लढायांची तारीखवार यादी पाठ करणाऱ्यांनी कधीतरी तलावांच्या नोंदी वाचाव्यात.

लेण्यांनंतर या डोंगराचे पाणी पुन्हा मोलाचे ठरले ते एकोणिसाव्या शतकात. वाढत्या मुंबईला विहिरी पुरेनात, तेव्हा विहार तलाव बांधला गेला आणि 1860 मध्ये तो पूर्ण झाला. 1879 मध्ये तुळशी. तलाव राखायचा तर पाणलोटातले रान राखावे लागते. पुढे हे पाणलोट राष्ट्रीय उद्यानात आले. आज सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे जंगल कोट्यवधी वस्तीच्या महानगरात टिकून आहे, त्यामागे वन्यप्राण्यांच्या प्रेमाआधी शहराची तहान होती. उद्यानातल्या पाड्यांवर राहणारे वारली वाघोबाला पूजत आले. त्यांचा या रानाशी असलेला संबंध मात्र दोन्ही तिकिटांत मावत नाही.

बेत आखताना वेळ हाताशी ठेवा, कारण नव्वदावे लेणे चुकवू नये असे आहे. तेथे पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत, यज्दगर्दी सन 378 चे, म्हणजे इ. स. 1009 चे, एक 1021 चा. हे दाते नव्हेत, झरथुष्ट्री पाहुणे. आपली आणि वडिलांची नावे, दिवस आणि महिना लिहून ‘आम्ही येथे आलो’ एवढेच त्यांनी नोंदवले. भिंतीवर नावे कोरणाऱ्या पर्यटकांना आपण दूषणे देतो (द्यावीतच, तो आज दंडनीय अपराध आहे), पण हजार वर्षांपूर्वीची ही नोंद वाचताना राग येत नाही, हे मी कबूल करतो.

सकाळी लवकर निघा. पावसात पायऱ्या शेवाळतात, तेव्हा चांगली पकड असलेले जोडे घाला आणि ओढ्यात उतरू नका. पाचवे लेणे चैत्यगृहापासून फार दूर नाही. नव्वदाव्यासाठी बरेच चढावे लागते. सोमवार टाळा. त्या दिवशी उद्यान बंद असते.