जुळाऱ्याचा हात आणि मुद्रित मराठीची साक्ष

जुन्या शब्दरूपांचा निर्णय करताना अभ्यासक मुद्रित ग्रंथांची साक्ष काढतात. परंतु ती साक्ष ज्याच्या हातून उतरली त्या जुळाऱ्याची दखल क्वचितच घेतली जाते. कोल्हापुरातून प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांची ‘ग्रंथमाला’ १८९४ मध्ये आणि ‘विश्ववृत्त’ १९०६ मध्ये निघू लागले. त्या काळी मराठी ग्रंथ व नियतकालिके खिळा खिळा जुळवून छापली जात.

रोमन लिपीस वरची व खालची अशा दोन केसी पुरत. देवनागरीस जोडाक्षरे, अर्धी अक्षरे व मात्रा यांमुळे कित्येक शे घरे लागत. डिग्री पद्धतीत तर अक्षर व त्याच्या वरखालची चिन्हे वेगवेगळ्या खिळ्यांवर असत. डाव्या हातात स्टिक, डोळ्यांपुढे हस्तलिखित आणि उजवा हात घरांकडे, असे हे काम चाले. प्रत्येक घर शोधीत बसण्यास जुळाऱ्यास सवड नसे. अक्षराचे स्थान हेच त्याच्या लेखी अक्षर होते.

या व्यवहारावर अलीकडील संशोधन काही प्रकाश टाकते. माकडांवरील प्रयोगांत क्षणभर दाखविलेले लक्ष्य नाहीसे झाल्यावरही दृष्टी त्या जागी वळते, आणि मधल्या अवधीत मेंदूतील काही पेशी त्या दिशेची जणू राखण करतात, असे फुनाहाशी, ब्रूस व गोल्डमन-राकिच यांनी १९८९ मध्ये दाखविले. चहा करणाऱ्यांची दृष्टी हाताच्या आधी सुमारे अर्धा सेकंद वस्तूवर पोहोचते, असे मायकेल लँड व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९९ मध्ये आढळले. पहिली स्मृती काही क्षणांची. जुळाऱ्याची मात्र वर्षांच्या सरावाने मुरलेली. तथापि स्थानाची आठवण दृष्टीस व हातास वाट दाखविते, हे तत्त्व दोहोंस समान आहे.

यावरून मुद्रणदोषांचे वर्गीकरण करता येते. घ-ध, भ-म यांची गल्लत बहुधा हस्तलिखित वाचताना होते. शेजारच्या घरातील अक्षर येते तेव्हा हात चुकलेला असतो. छपाईनंतर खिळा भलत्याच घरात टाकला गेला असेल, तर पुढे हात योग्य घरी जाऊनही चुकीचे अक्षर उचलतो. या तिन्हींचा उच्चाराशी संबंध नाही. मात्र एखादे रूप अनेक पृष्ठांवर, सारख्याच परिस्थितीत येत असेल, तर ते लेखकाचे अथवा त्याच्या बोलीचे मानण्यास आधार मिळतो.

लिपिसुधारणेकडेही या दृष्टीने पाहावयास हवे. सावरकरांनी पुरस्कारिलेली अ-ची बाराखडी किर्लोस्करवाडीच्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने स्वीकारली. तीत इ, उ, ए यांची स्वतंत्र घरे अनावश्यक ठरली. सुधारकांच्या हिशेबी खिळे कमी झाले; जुन्या हातास मात्र ‘इ’च्या घराची वाट विसरून ‘अ’ आणि वेलांटी यांची वाट धरणे भाग होते. अशा संक्रमणकाळातील मजकुरात जुनी-नवी रूपे शेजारी आढळल्यास त्यांवरून लेखकाचे धोरण डळमळीत होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

संगणकीय अक्षरजुळणीने ती घरे छापखान्यांतून हद्दपार केली. त्या घरांच्या खुणा छापील पानांवर उरल्या आहेत. जुन्या ग्रंथांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्याने पाठभेदास भाषिक पुरावा म्हणण्यापूर्वी केसीचा नकाशा समोर ठेवणे इष्ट होय.