बारा हजारांचा सरंजाम

वसूल वर्षाला बारा हजार रुपये भरावा, या हिशेबाने दमणच्या पूर्वेची काही गावं एकत्र बांधली गेली, आणि त्या बेरजेतून पुढे दादरा व नगर हवेली हा प्रदेश तयार झाला. सायली, सिल्वासा, नरोली, खानवेल ही नावं आज औद्योगिक वसाहतींच्या पाट्यांवर दिसतात. सायलीत 2023 पासून वैद्यकीय महाविद्यालयाची नवी इमारतही उभी आहे. पण अठराव्या शतकात पुण्याच्या दरबाराला या गावांकडून अपेक्षा होती ती वसुलीच्या आकड्याची, आणि तीही दुसऱ्याच्या पदरात घालण्यासाठी.

दुसरा म्हणजे पोर्तुगीज. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर उत्तरेत त्यांच्याकडे दमण आणि दीव एवढंच उरलं होतं. 1772 मध्ये मराठी आरमाराने त्यांचं ‘संताना’ हे जहाज पकडलं आणि नुकसानभरपाईची मागणी सुरू झाली. एरवी ती वर्षानुवर्षं लोंबकळत राहिली असती. पण नाना फडणिसांच्या कारभारात इंग्रजांशी युद्ध पेटलं, आणि गोव्याचे फिरंगी निदान शत्रूला मिळू नयेत याची निकड पुण्याला वाटू लागली. 1779 च्या तहात बारा हजारांच्या गावांचं कलम आलं. प्रत्यक्ष सनदा निघायला आणखी काही वर्षं गेली: 1783 च्या जूनमध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, 1785 मध्ये दादरा. मिळून बहात्तर गावं.

दिलं काय, हा मात्र प्रश्न. सनदांप्रमाणे तो जहागीर किंवा सरंजाम होता. मराठी राज्यात या व्यवस्थेचे नियम सगळ्यांना तोंडपाठ होते. सरदाराला महालांचा वसूल लावून द्यायचा, त्याने त्यातून पथक पोसायचं. हजेरीला घोडी कमी भरली तर वसुलीत कपात, कसूर मोठी असेल तर जप्ती. सरंजामदार वारला की मुलाने नजराणा भरून नवी सनद करून घ्यायची. इनाम वंशपरंपरेने चाले. सरंजाम धन्याच्या मर्जीवर. जमिनीचा धनी सरकारच राही, सरंजामदाराकडे फक्त त्याच्या नावाने वसूल करण्याचा हक्क.

आजच्या फ्रँचायझी करारांची मांडणी याहून फार वेगळी नाही. नाव एकाचं, दुकान दुसऱ्याचं, आणि कागदाच्या उत्तरार्धात कसूर, नोटीस, दुरुस्तीची मुदत आणि करार संपवण्याची कलमं. त्यांच्यात एक छोटं कलम हमखास असतं: एखादा हक्क वेळेवर बजावला नाही, म्हणून तो सोडून दिला असं समजू नये. वकिलांनी हे उगाच घातलेलं नाही. करार संपल्याची चिठ्ठी पाठवणं सोपं. समोरच्याला जागेवरून हलवणं अवघड. ऑगस्ट 2017 मध्ये मॅकडोनाल्ड्सने आपल्या भागीदाराशी असलेला उत्तर आणि पूर्व भारतातल्या 169 उपाहारगृहांचा करार रद्द केला, तरी त्यातली बरीच त्याच पाटीखाली चालू राहिली. शेवटी मे 2019 मध्ये कंपनीने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला, तेव्हा ते प्रकरण मिटलं.

नगर हवेलीत तर चिठ्ठी पाठवणाराच नाहीसा झाला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि सरंजाम काढून घेण्याचा अधिकार इंग्रजांच्या हाती आला. हेच इंग्रज दख्खनेत इनाम कमिशन नेमून, 1852 चा कायदा करून, गावोगावच्या वतनदारांकडून जुने कागद मागत होते. पुरावा अपुरा ठरला की जमीन खालसा. मुंबई इलाख्यातल्या सरंजामांना त्यांनी राजकीय देणगी मानलं, म्हणजे सरकारच्या इच्छेवर टिकणारी. दमणगंगेच्या काठच्या नगर हवेलीत मात्र त्यांनी असा तगादा लावला नाही. पोर्तुगीज तिथे कर घेत होते, न्याय देत होते, पोलीस ठेवत होते. त्यांना तसंच राहू दिलं. पोर्तुगालशी इंग्लंडचं जुनं सख्य होतं, आणि बारा हजारांसाठी ते बिघडवण्यात काही हशील नव्हतं. 1885 मध्ये पोर्तुगीजांनी सिल्वासाला ‘पासो द आर्कोस’ असं नाव देऊन तिथे मुख्य ठाणं केलं. वसुलीच्या हक्काचं तोवर राज्य झालं होतं.

1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते राज्य संपवलं. दादरा, नरोली, मग 2 ऑगस्टला सिल्वासा. संगीतकार सुधीर फडके त्या मोहिमेत होते, आणि तिच्या मदतीसाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. ही हकिकत मराठी वाचकाला ठाऊक असते. त्यानंतरचा कज्जा तितका ठाऊक नसतो, आणि खरी गंमत त्यातच आहे.

डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. दमणहून या गावांकडे जाण्याचा आपला वहिवाटीचा रस्ता भारताने अडवला, ही त्याची तक्रार. भारताच्या वतीने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, आणि खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून भारताने महंमद करीम छागलांना नेमलं. भारताचा युक्तिवाद थेट अठराव्या शतकात शिरला: पेशव्याने सार्वभौमत्व कधी दिलंच नव्हतं, दिला तो सरंजाम, आणि सरंजाम केव्हाही मागे घेता येतो. 1779 चा तहच वैध नव्हता, असाही मुद्दा होता. तो न्यायालयाने मानला नाही.

12 एप्रिल 1960 चा निकाल वाचताना पुण्याच्या जुन्या कारकुनांची मान ताठ झाली असती. सनदांनी दिलं ते फक्त बारा हजारांच्या वसुलीचं जहागीर-सरंजाम, असं न्यायालयाने स्वच्छ म्हटलं. अशा देणगीचा अर्थ सार्वभौम प्रदेश तोडून देणं असा लावल्याचं एकही उदाहरण समोर आलेलं नाही, हेही नोंदवलं. सनदांत बंड मोडण्याचा अधिकार वेगळा लिहून दिला होता; राज्यच दिलं असतं तर तो लिहावा कशाला?

पण लगेच पुढची पायरी आली. इंग्रजांनी पोर्तुगीजांचा एकछत्री कारभार कधी आक्षेपला नाही, म्हणून त्यांचं सार्वभौमत्व इंग्रजांनी प्रत्यक्षात मान्य केलं, आणि नंतर भारतानेही मूकपणे. पेशव्याची बाजू खरी ठरली आणि निरुपयोगीही. रस्त्याच्या प्रश्नावर निकाल दोन्हीकडे वाटला गेला: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना हक्क होता, फौज व शस्त्रांना नव्हता, आणि 1954 च्या तणावात भारताने केलेली अडवणूक नियमबाह्य नव्हती. तोवर सिल्वासात मुक्त मुलखाच्या वरिष्ठ पंचायतीचा कारभार सुरू होऊन सहा वर्षं उलटत आली होती. 1961 च्या ऑगस्टमध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने हा मुलूख भारतात सामील झाला.

गप्प राहण्याचा हाच वाद पुढे याच मातीत पुन्हा उगवला, या वेळी शेतांवरून. पोर्तुगीज सरकारने 1920 च्या दशकात इथल्या मोठाल्या जमिनी ‘अल्वारा’ नावाच्या परवान्यांनी काही धारकांना दिल्या होत्या. ठरलेल्या मुदतीत जमीन लागवडीखाली आणायची, ही अट. न आणली तर देणगी रद्द. वारली, कोकणा, धोडिया कसणाऱ्यांच्या या मुलखात अशा जमिनी पडून राहिल्या तरी पोर्तुगीजांनी परवाने काढून घेतले नाहीत. एप्रिल 1974 मध्ये भारतीय जिल्हाधिकाऱ्याने ते काढून घेतले.

धारक न्यायालयात गेले. इतकी वर्षं कोणी बोललं नाही, म्हणजे अट माफच झाली, हा त्यांचा मुख्य आधार. शिवाय 1971 च्या जमीन सुधारणा कायद्याखाली द्यावा लागणारा मोबदला चुकवण्यासाठीच हा घाट घातला, असा आरोप. खालच्या न्यायालयांनी त्यांना साथ दिली, 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल फिरवला, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचं म्हणणं कायम केलं. सरकारने नुसतं काही केलं नाही म्हणून त्याने आपला हक्क सोडला असं होत नाही. सोडायचा तर तसा हेतू दिसला पाहिजे. हेगमध्ये जे मौन पोर्तुगालच्या पथ्यावर पडलं होतं, त्याच्याच परवानाधारकांना ते दिल्लीत उपयोगी पडलं नाही, आणि 1974 चा आदेश एक्कावन्न वर्षांनी पक्का झाला.