नाव हजेरीपटावर, पण नळ कोण उघडणार?

पीएचडीच्या तयारीला लागलेले बरेच जण विचारतात, "विषय ठरलाय, पण संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?" विषय आणि प्रश्न यांतला फरक कळायला माझंही एक वर्ष गेलं. आज एक उदाहरण घेऊन बोलू. विषय आहे दिव्यांग विद्यार्थ्यांना शाळा-कॉलेजात मिळणाऱ्या सोयी, आणि प्रदेश आपलाच, सातारा-सांगली.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. या विषयाकडे वळले ती प्रयोगशाळेमुळे. एमएस्सीला आमच्याबरोबर कुबड्या वापरणारा एक मित्र होता. प्रवेश नियमाप्रमाणे मिळालेला, पण प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आम्ही दोघं-तिघं त्याला धरून वर न्यायचो. आम्ही नसलो की त्याचं प्रॅक्टिकल बुडायचं, आणि हजेरीपटावर गैरहजर म्हणून नाव त्याचंच लागायचं. तेव्हा आम्हाला वाटायचं, आपण मदत करतोय. प्रयोगशाळा खाली आणा, असं म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

आता इतिहासात मागे जाऊ. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नुसतं रजिस्टर पाहिलं तर वाटेल, शाळेचं दार उघडलं, विषय संपला. पण बाबासाहेबांनी पुढे आपल्या साताऱ्यातल्या शाळकरी दिवसांबद्दल लिहिलंय. बसायला तरट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने उघडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलंच राहायचं.

जातीमुळे झालेला अन्याय आणि अपंगत्वामुळे येणारी अडचण एकच आहे, असं मी म्हणत नाही. दोन्हींची कारणं वेगळी, इतिहासही वेगळा. पण या नोंदीतून एक प्रश्न हाती लागतो: प्रवेश मिळाल्यानंतर विद्यार्थ्याला कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागलं? हा प्रश्न घेऊन पुढची कागदपत्रं वाचली की ती वेगळी दिसू लागतात.

उदाहरणार्थ, भाऊराव पाटलांचं काम. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. खेड्यातला मुलगा शाळेपर्यंत पोहोचत नाही, कारण शाळा लांब आणि राहायची-खायची सोय नाही, हे भाऊरावांनी ओळखलं. दोष मुलात नाही, व्यवस्थेत आहे. मग व्यवस्था बदलायची.

अपंग मुलांबाबत कायद्याला हे म्हणायला वेळ लागला. 1995 च्या कायद्यात अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आलं, अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिकही आला. पण त्यात अपंगत्वाचे प्रकार सातच होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. महाराष्ट्राने 1996 मध्येच अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. केंद्राच्या कायद्यात हा प्रकार आला तो 2016 मध्ये, सातांचे एकवीस प्रकार झाले तेव्हा. म्हणजे आपलं राज्य वीस वर्षं पुढे होतं. पण इथे आपला प्रश्न पुन्हा विचारा. सुरुवातीच्या काळात तपासणी आणि प्रमाणपत्राची केंद्रं मुख्यतः मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत होती. जत किंवा माण तालुक्यातल्या मुलासाठी ती सवलत शेकडो किलोमीटर लांब होती. भाऊरावांनी ओळखलेली अडचणच पुन्हा समोर आली.

दुसरं कागदपत्र साधंच आहे, दहावीचं वेळापत्रक. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. वेळापत्रकात गणिताच्या दिवशी 'अंकगणित' आणि विज्ञानाच्या दिवशी 'शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र' असे पेपर दिसतात, आणि पुढे लिहिलेलं असतं: पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी. हेतू चांगलाच आहे, मूल दहावीत अडकू नये. कित्येकांना त्याचा आधारही झालाय. पण ज्याला पुढे विज्ञान शिकायचंय त्याचं काय? गणित-विज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचवायचं सोडून आपण त्यालाच विषयापासून दूर नेलं. 2016 च्या कायद्याने नेमका हाच फरक केला. गरजेनुसार वाजवी सोय करून देणं हे संस्थेचं कर्तव्य झालं आणि ती नाकारणं हा भेदभाव ठरला. 'सवलत' आणि 'सोय' हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. संशोधन करताना ते वेगळे ठेवा.

कायदा आला म्हणून प्रश्न सुटला का? 2021 ची नीट परीक्षा पाहा. डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला एक तास जादा मिळायला हवा होता. केंद्रावर तिचा पेपर इतरांबरोबरच काढून घेतला गेला. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला, अवनी प्रकाश खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितली नाही, पण भरपाईचा मार्ग काढायला परीक्षा संस्थेला बजावलं. हक्क कागदावर होता, केंद्रावरच्या माणसापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. साताऱ्याच्या त्या नळाला आता एकशे एकवीस वर्षं झाली होती.

तर मित्रांनो, 'दिव्यांगांचे शिक्षण' हा विषय झाला. 'सांगली जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत दिव्यांग विद्यार्थी विज्ञान शाखेत का दिसत नाहीत?' हा प्रश्न झाला. त्यासाठी वेळापत्रकं, हजेरीपट, इमारतींचे नकाशे आणि प्रवेशाच्या नोंदी चाळाव्या लागतील. आणि आधी त्या विद्यार्थ्यांशी बोला. आमच्या त्या मित्राला दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, की तुला नेमकं काय हवंय. शेवटच्या सत्रात विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तळमजल्यावर एक टेबल. बाकी मी बघतो."